क्रॉसिंग आसा

कोकणात जाणारी गाडी मधेच थांबली की सगळ्या डब्यात प्रश्न एकच, "कित्याक थांबली?" आणि उत्तरही एकच, "क्रॉसिंग आसा." पुढे कोणी काही विचारत नाही. डबे उघडतात, पत्ते निघतात, वरच्या बर्थवरचे काका कूस बदलतात.

हे प्रकरण समजायला साकव आठवावा. व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, एका माणसापुरता छोटा पूल असतो, तो साकव. पलीकडून कोणी डोक्यावर भारा घेऊन निघालं, की आपण अलीकडे थांबायचं. कोकण रेल्वेचा एकेरी रूळ तसाच, आणि समोरच्या गाडीला वाट द्यायला थांबणं म्हणजे क्रॉसिंग. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा पट्टा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढे बहुतेक साकवच. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी.

किती गाड्या मावतात याला रेल्वेत स्कॉटचं सूत्र लावतात. दिवसाची मिनिटं १४४०. सगळ्यात लांब तुकडा ओलांडायला हळू गाडीला समजा १५ मिनिटं लागतात आणि लाइन क्लिअरच्या, म्हणजे पुढचा तुकडा मोकळा असल्याच्या परवानगीच्या, देवघेवीला ५. विसाने भागलं की ७२. देखभाल, उशीर, गाय असं सगळं धरून त्याला ०.७ ने गुणायचं. उरल्या ५०, त्याही जाणाऱ्या-येणाऱ्या मिळून. आता त्या तुकड्याच्या बरोबर मधे क्रॉसिंग स्टेशन, म्हणजे एक गाडी बाजूला घ्यायची जागा, घातलं तर १५ चे साडेसात होतात आणि आकडा ८० वर जातो. दुप्पट होत नाही, कारण ती देवघेवीची ५ मिनिटं काही अर्धी होत नाहीत. शिवाय पुढचा तुकडा १४ मिनिटांचा असेल तर आता तोच थोरला, आणि थोरल्याचंच चालतं. वेरवली, खारेपाटण, आचिर्णे ही क्रॉसिंगं याच हिशेबाने आली.

"मग सरळ दुसरा रूळ टाका ना," असं खिडकीतून सांगणं सोपं. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. त्यात एक रूळ जेमतेम बसलाय. दुसऱ्यासाठी शेजारी पुन्हा डोंगर पोखरायला हवा. विजेची इंजिनं आली, धूर गेला, चांगलं झालं. साकव मात्र तेवढाच रुंद.

थांबा किती वेळाचा, हे डब्यात बसून ओळखता येतं. गाडी रखडत येऊन खडखडत बाजूला वळली, की आपण लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, गेलो. म्हणजे मेन लाइनवरून कोणी मानकरी जाणार. स्टेशन मास्तर हिरवा बावटा घेऊन बाहेर आला आणि पलीकडे रुळांचे सांधे सांभाळणारा पॉइंट्समनही उभा राहिला, की येणारी गाडी जवळ आली. ती धडाडत गेली की लगेच चपला घालू नयेत. तिच्या मागोमाग दुसरी असू शकते. सगळ्यात वाईट म्हणजे मागून येणारी एक्स्प्रेस. तिला आधी वाट द्यायची, आणि ती पुढचं स्टेशन गाठेपर्यंत आपला सिग्नल लालच.

मान कोणाचा, हेही ठरलेलं. वंदे भारत आली की सगळे लूपवर. कोलाडहून ट्रक लादून जाणारी रो-रो १९९९ पासून धावते. एखाद्या रात्री ती समोरून जाते तेव्हा ट्रकचा ड्रायव्हर आपल्या केबिनमध्ये पाय पसरून झोपलेला असतो आणि आपण पॅसेंजरच्या दारात एका पायावर. कोकणात माणसाने ट्रक होऊन जावं, असं माझं मत तिथेच पक्कं होतं.

त्यात गणपती येतो भाद्रपदात. पावसाळी वेळापत्रक तेव्हा चालूच असतं. वेग आधीच कमी, आणि जोराच्या पावसात पुढचं दिसेनासं झालं तर ताशी ४० च्या वर जायचं नाही. म्हणजे साकव ओलांडायला वेळ जास्त, आणि जत्रा नेमकी त्याच दिवसांत. जादा गाड्या सोडल्या की प्रत्येक जादा गाडीला जादा क्रॉसिंगं. वरच्या १५ मिनिटांच्या जागी २० घालून बघा, ५० च्या ४० होतात.

एवढा हिशेब नको असेल तर फलाटावरच्या चहावाल्याकडे बघावं. सुटे परत द्यायची घाई करत असेल तर चढावं. किटली खाली ठेवून तोच बाकावर टेकला असेल, तर अजून एक गाडी यायची आहे. वडा गरम होईपर्यंत थांबायला हरकत नाही.