इलेक्ट्रिक पिकअप अडली ती चिखलात नव्हे, कारखान्यात

एक मजकूर बरेच दिवस फिरतोय: "इलेक्ट्रिक पिकअप शहरात मिरवायला ठीक. चिखल, खडक, पाणी आलं की तिचा दम संपतो, आणि म्हणूनच अमेरिकेत या गाड्यांचं उत्पादन गडगडलं." उत्पादन रखडलं हे खरं. पण त्याचं खापर चिखलावर फोडणं चूक आहे, आणि या चुकीमुळे खऱ्या अडचणींकडे कोणी बघतच नाही.

पुरावा म्हणून टेस्लाच्या सायबरट्रक या इलेक्ट्रिक पिकअपचा बर्फात रुतलेला व्हिडिओ दाखवला जातो. डिसेंबर 2023, कॅलिफोर्नियातलं जंगल, मागच्या हौद्यात ख्रिसमसचं झाड, आणि फोर्डची पिकअप तिला ओढून काढतेय. त्या वेळी सायबरट्रकचे डिफरन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना एकत्र फिरायला लावणारी सोय, सुरूच झाले नव्हते. ते 2024 मध्ये सॉफ्टवेअर अपडेटमधून आले. लॉक नसला की पकड सुटलेलं चाक जागच्या जागी गरगरतं आणि पकड असलेल्या चाकापर्यंत जोर पोचत नाही. डिझेल गाडीचंही तेच होतं. अर्धवट तयारीची गाडी ग्राहकाच्या हाती दिली, हा दोष टेस्लाचा. मोटरचा नाही.

"इंजिनासारखी ताकद नाही," हा दुसरा मुद्दा. खडकावर गाडी अगदी सावकाश चढवावी लागते. इंजिन कमी फेऱ्यांवर बंद पडतं, म्हणून त्याला वेग कमी करून जोर वाढवणारा लो-रेंज गिअर लागतो. मोटर मात्र शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, देते. रिव्हियन या अमेरिकी कंपनीच्या आर-वन-टी पिकअपच्या चार मोटरच्या गाडीत प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर आहे. एक चाक हवेत लटकलं तरी बाकी तिघांचा जोर तसाच राहतो. गाडी हवेच्या दाबाने वर उचलणारं एअर सस्पेन्शन पूर्ण उचललं की ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा, जवळपास 15 इंच मिळतो. रोजच्या वापराची किती डिझेल पिकअप कंपनीतून एवढी उंच येते?

पाण्याचं म्हणाल तर इंजिन बंद पडतं ते हवेच्या वाटेने पाणी आत ओढलं गेल्यामुळे. मोटरला हवा लागत नाही आणि बॅटरी सीलबंद असते. रिव्हियन तीन फुटांहून जास्त पाण्यातून जाण्याची क्षमता सांगते. खाऱ्या पाण्यापासून मात्र लांबच राहावं: 2022 मध्ये फ्लोरिडातल्या इयन वादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांना नंतर आगी लागल्या होत्या.

खरा आक्षेप वजनाचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. इलेक्ट्रिक हमर 4,000 किलोच्या वर जाते, आर-वन-टी 3,000 च्या वर. खडकावर एवढं वजन निभावतं, पण मऊ वाळूत आणि खोल चिखलात चाकं खाली जातात, आणि रुतलेली गाडी काढायला तेवढ्याच ताकदीची दुसरी गाडी लागते. चार्जचंही तसंच. सावकाश चढणीवर वीज फार जात नाही, उतारावर थोडी परतही येते. वेगात वाळू तुडवायची म्हटलं की बॅटरी झपाट्याने उतरते. एप्रिल 2021 मध्ये लॉर्ड्सटाउन या अमेरिकी कंपनीची इलेक्ट्रिक पिकअप मेक्सिकोतल्या बाहा शर्यतीतून साधारण 40 मैलांतच बाहेर पडली, ती अपेक्षेपेक्षा जास्त वीज खाल्ल्यामुळे. आणि निर्जन रानात कॅनने डिझेल ओतता येतं, वीज नाही.

आता उत्पादन. इथे रडगाणं खरं आहे, कारणं मात्र बहुतेक कारखान्यातली. रिव्हियनने 2022 साठी 50,000 गाड्यांचं उद्दिष्ट पुरवठासाखळीमुळे 25,000 वर आणलं आणि 24,337 बनवल्या. त्याच वर्षी स्टिअरिंगजवळच्या एका सैल बोल्टसाठी जवळपास सगळ्या विकलेल्या गाड्या, सुमारे 13,000, परत बोलवाव्या लागल्या. 2024 मध्ये मोटरच्या एका सुट्या भागाचा तुटवडा पडला आणि उद्दिष्ट पुन्हा खाली आलं. फोर्डने फेब्रुवारी 2023 मध्ये लाइटनिंग या आपल्या इलेक्ट्रिक पिकअपचं उत्पादन तात्पुरतं थांबवलं, कारण कारखान्याच्या आवारात उभ्या असलेल्या एका गाडीच्या बॅटरीने पेट घेतला होता. सायबरट्रकचं स्टेनलेस स्टील इतकं कडक की नेहमीच्या साच्यात दाबून त्याला आकार देता येत नाही. टेस्लाचा प्रमुख इलॉन मस्क यानेच 2023 मध्ये "सायबरट्रकने आम्ही आमची कबर खोदली" असं गुंतवणूकदारांना सांगितलं.

किमतीने उरलीसुरली कसर भरून काढली. 2019 मध्ये सायबरट्रक 39,900 डॉलरपासून मिळेल असं जाहीर झालं होतं. चार वर्षांनी गाड्या रस्त्यावर आल्या तेव्हा चारही चाकांना जोर देणारं मॉडेल 79,990 डॉलरला होतं. मोठी बॅटरी महाग, ती वाहायला चेसिस (गाडीचा सांगाडा) मजबूत हवा, म्हणजे आणखी वजन आणि आणखी खर्च. त्यात मागे जड ट्रेलर जोडला की एका चार्जमधला पल्ला साधारण निम्म्यावर येतो, आणि अमेरिकेत पिकअप घेणाऱ्या कितीतरी जणांना ट्रेलरच ओढायचा असतो.

डिसेंबर 2025 मध्ये फोर्डने पूर्ण इलेक्ट्रिक लाइटनिंग बंद करत असल्याचं सांगितलं, तेव्हा हा मजकूर पुन्हा जोरात फिरला. पण फोर्डने पुढच्या लाइटनिंगचा जो आराखडा मांडला आहे, त्यात पेट्रोलचं इंजिन फक्त जनरेटर म्हणून बॅटरी भरणार आहे. चाकं फिरवायला त्यातही इलेक्ट्रिक मोटरच ठेवली आहे.