४२ सीसी

आमच्या घरी १९६८ सालची महिंद्र जीपची पिकअप आहे. तिच्या लोखंडी हौद्यातून वडिलांनी खताची पोती नेली, आजारी रेडकू नेले आणि एकदा तर अर्धे वऱ्हाडही नेले. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र ती पेट्रोलच्या बरोबरीने ऑइल पिऊ लागली आणि मागून येणारे दुचाकीस्वार तोंडाला रुमाल बांधू लागले, तेव्हा मी तिला कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेले. तिथल्या मेस्त्रीमामांनी ऑइलचे झाकण उघडून आतून येणारी वाफ क्षणभर पाहिली आणि झाकण परत लावले. "मालक, इंजान कामाला आलंय." एखादी वस्तू कामातून गेली की ती 'कामाला आली' असे म्हणणारी आपली भाषा किती सभ्य आहे, हे मला बिल पाहिल्यावर कळले.

या इंजिनाचे नाव हरिकेन. चार सिलिंडर, २१९९ सीसी आणि तरुणपणी सुमारे ७२ अश्वशक्ती. त्याच्या इनलेट वॉल्व वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट वॉल्व खाली ब्लॉकमध्ये असतात. म्हणजे भावाभावांत वाटणी होऊन एकाने माडी आणि दुसऱ्याने तळमजला घ्यावा, तशी व्यवस्था. या माडीमुळे इंजिनाची उंची इतकी वाढली की ते मावावे म्हणून जीपचे बॉनेटच उंच करावे लागले. टॅपेट लावताना, म्हणजे वॉल्वची फट बसवताना, वरच्या बिऱ्हाडाला १८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि खालच्याला १६ थाऊ फट ठेवायची असते. वरचे काम उभ्याने होते; खालच्यासाठी मॅनिफोल्डखाली हात घालून दोन पातळ पाने एकाच वेळी फिरवावे लागतात आणि त्या वेळी तिसरा हात नसल्याचे दुःख होते.

हेड उतरल्यावर मामांनी माझे बोट धरून सिलिंडरच्या आत वरच्या बाजूला फिरवले. तिथे नखाला एक कड अडली. पिस्टनच्या रिंगा जिथपर्यंत पोहोचतात तिथपर्यंत बोअर, म्हणजे सिलिंडरचे भोक, झिजला होता आणि वरचा अनाघ्रात भाग कंपनीतून आला तसाच राहिला होता. तीस थाऊ बोअर मारावा, म्हणजे ते भोक तेवढे कापून मोठे करावे, लागणार होते. मी उत्साहाने म्हणालो, "मामा, बांधतोच आहोत, तर ताकदही वाढवू या." मामा म्हणाले, "वाढतीयच की, बोअर मोठा होणार न्हवं." त्या रात्री मी हिशेब मांडला. २१९९चे २२४१ होत होते. वाढ ४२ सीसी, म्हणजे कटिंग चहाचा जेमतेम अर्धा ग्लास. त्याच्या जोडीला डेल्कोतले, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले, पॉइंट आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे ठरले, आणि माझी आधुनिकीकरणाची हौस तेवढ्यावर भागवण्यात आली.

ब्लॉक आणि क्रँक मशिनिंगला गेले आणि तिथेच राहिले, कारण उसाचा गळीत हंगाम सुरू झाला होता. माझा क्रँक एका कोपऱ्यात टेकवलेला असे आणि रोज त्याच्यापुढे ट्रॅक्टरचे नवे क्रँक येऊन उभे राहत. "त्येंचा ऊस वाळतोय, तुमचं काय वाळतंय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. उद्या हा शब्द मी त्या दीड महिन्यात इतक्यांदा ऐकला की वारांची नावे अनावश्यक वाटू लागली.

अखेर इंजिन बांधून झाले. पहिले ५०० किलोमीटर चाळिशीच्या पुढे न्यायचे नाही, ही अट पाळताना सायकलवरच्या शाळकरी मुलांनीही मला मागे टाकले. मग एका रविवारी मामांना शेजारी बसवून पन्हाळ्याचा रस्ता धरला. चढावर मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन खणखणीत गरजले, गाडी मात्र होती त्याच वेगाने चालत राहिली.

"क्लच घसरतोय," मामा म्हणाले. "जुन्या इंजिनात त्येला घसरवायची ताकदच न्हवती."

"आणि हा घरघर आवाज?"

"गिअरबॉक्स. त्यो धा वर्सं तसाच वाजतोय. इंजान गप झालं, म्हणून आता ऐकू यायला लागलाय."

मी गाडी बाजूला घेतली. मामा खाली उतरले, हौद्याला टेकून त्यांनी बिडी पेटवली आणि म्हणाले, "उद्या घेऊन या."

मी विचारले, "उद्या म्हणजे कधी?"