हसायचं कुणाला?

27 डिसेंबर 2017. तेहरानचा एंगेलाब रस्ता. आपल्याकडे फुटपाथवर टेलिफोनच्या असतात तसल्या लोखंडी पेटीवर विदा मोवाहेद चढली, इराणमधल्या हिजाबसक्तीविरुद्ध डोक्यावरचा पांढरा स्कार्फ काढून काठीला बांधला आणि उभी राहिली. घोषणा नाही की भाषण नाही. तिला अटक झाली, तर इतर बायका तशाच पेट्यांवर चढायला लागल्या. मग सरकारने काय करावं? पेट्यांवर लोखंडी उतरती छपरं ठोकली! म्हणजे इस्लामी प्रजासत्ताकाला खरा धोका पेटीच्या सपाट माथ्यापासून होता.

आता विनोदी लेखकाने जगायचं कसं? सरकारच त्याच्या पोटावर पाय देतंय. 2023 मध्ये मशहदजवळच्या शांदीझला एका इसमाने दुकानात दोन बायकांच्या उघड्या डोक्यांवर दही ओतलं. त्याच्यावर वॉरंट निघालं, ठीक. पण त्या दोघींवरही निघालं. 2024 मध्ये तर हिजाब न घालणाऱ्या बायकांसाठी 'उपचार' केंद्र जाहीर झालं. (औषध दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे कळलं नाही.)

पण मला सगळ्यात आवडतो तो 2009 चा किस्सा. माजिद तवक्कोली हा विद्यार्थी नेता अमीरकबीर विद्यापीठात भाषण करून निघाला आणि पकडला गेला. सरकारधार्जिण्या फार्स वृत्तसंस्थेने त्याचे चादोर (इराणी बायका डोक्यावरून अंगभर घेतात ते वस्त्र) घातलेले फोटो छापले, का तर म्हणे हा बाईच्या वेषात पळत होता. इज्जत काढायचा बेत. झालं भलतंच. दाढीमिशीवाले इराणी पुरुष डोक्यावर स्कार्फ घेऊन आपापले फोटो फेसबुकवर टाकायला लागले. 'आम्ही सगळे माजिद!' सरकारची पंचाईत बघा: जो पोशाख बाईचा सन्मान म्हणून सक्तीचा केला, तोच पुरुषाला घातला की बेइज्जती कशी? याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. हजार लेखांनी जे साधत नाही ते त्या फोटोंनी साधलं, असं माझं मत.

थट्टेला जागा कळायला हवी, हेही खरं. 16 सप्टेंबर 2022 ला 22 वर्षांची महसा जिना अमिनी पोलिसांच्या ताब्यात कोसळल्यानंतर रुग्णालयात मरण पावली. तिच्यावर विनोद नाही. तिला 'नीट' हिजाब शिकवायला व्हॅन घेऊन फिरणाऱ्यांवर मात्र हवा तेवढा करा.

आणि आपल्या ग्रुपांवर हे इराणी व्हिडिओ फॉरवर्ड करून खाली शेजारच्या बुरखेवाल्या बाईची टिंगल करणाऱ्यांनो, तुम्हाला विनोद कळलेलाच नाही. त्याच इराणमध्ये 1936 साली रझा शाहचे पोलीस भर रस्त्यात बायकांची चादोर ओढत होते. तेव्हाही बाईला कुणी विचारलं नव्हतं. 2022 मध्ये कर्नाटकातल्या उडुपीत हिजाब घातला म्हणून कॉलेजच्या फाटकाबाहेर अडवलेल्या मुलींनाही नाही. टिंगल करायचीच तर फाटकावर उभं राहून दुसऱ्याचं डोकं तपासणाऱ्याची करा, मग तो कुठल्याही देशाचा असो. मटेरियल भरपूर आहे.