शॉर्ट ट्रॅक म्हणजे लॉटरी? जरा थांबा

आमच्या स्केटिंगवाल्या पालकांच्या ग्रुपवर परवा कुणीतरी २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमधली महिलांची ५०० मीटर शॉर्ट ट्रॅकची, म्हणजे बर्फावरच्या छोट्या ट्रॅकवरच्या स्केटिंग शर्यतीची, फायनल टाकली. बर्फावर चौघी. तिघी एकमेकींत अडकून आपटतात आणि मागे राहिलेली चीनची ली जियानरोउ सुवर्ण घेऊन जाते. खाली धडाधड प्रतिक्रिया: 'नशीब असावं तर असं', 'लॉटरी लागली बाईला', 'ही काय रेस झाली का?'

ग्रुपवर उत्तर देण्यात अर्थ नाही, मध्येच कुणीतरी फीची पावती टाकतं. म्हणून इथे लिहितेय.

त्या दिवशी ली नशीबवान नव्हती असं मी म्हणणारच नाही. ब्रिटनची एलिस ख्रिस्टी आत घुसायला गेली आणि इटलीची आरियाना फोंताना, कोरियाची पार्क सुंग-ही दोघींना घेऊन पडली. पार्क घाईत उठली, परत पडली, तरी कांस्य मिळालं. फोंतानाला रौप्य. ख्रिस्टी बाद. पण ऑलिम्पिकच्या फायनलला पोचलेल्या चौघींत असणं आणि समोर तिघी आडव्या होत असताना त्यांच्यात न सापडता वळण काढणं, याला लॉटरी म्हणायचं असेल तर तिकीट फार महाग आहे.

या खेळाचा ट्रॅक किती लहान असतो ते आधी डोळ्यासमोर आणा. साठ बाय तीस मीटरचा रिंक, त्यात १११.१२ मीटरची एक फेरी. म्हणजे ५०० मीटर साडेचार फेऱ्यांत खलास. सरळ भाग नावापुरता, जे काही घडतं ते वळणावर. म्हणून स्केटचं पातं बुटाच्या मधोमध नसतं, डावीकडे सरकवून बसवलेलं असतं आणि वळणाच्या दिशेने किंचित वाकवलेलंही असतं. मुली इतक्या झुकतात की डाव्या हाताची बोटं बर्फाला टेकतात, त्यासाठी ग्लोव्हजच्या टोकांना कडक, गुळगुळीत टोप्या लावलेल्या असतात. दोन रेसच्या मधे माणसं बादल्या घेऊन येतात आणि पात्यांनी उकरलेल्या वळणांवर पाणी ओततात. मला तर रेसइतकंच ते बघायला आवडतं.

आणि इथे लेन नसतात. घड्याळाशी नाही, शेजारणीशी स्पर्धा. १५०० मीटरच्या साडेतेरा फेऱ्यांत सुरुवातीला सगळ्या रमतगमत चालल्यासारख्या दिसतात. आमच्या घरी ह्यांनी विचारलंच, 'या काय शतपावलीला निघाल्यात?' पण पुढे असलेलीला हवा कापावी लागते, मागचीचा दम वाचतो. कधी मागे राहायचं आणि कधी निघायचं, सगळा डाव तिथे. कोरियाची चोइ मिन-जंग २०१८ च्या ऑलिम्पिकमधल्या १५०० च्या फायनलमध्ये शेवटच्या काही फेऱ्या उरल्यावर बाहेरच्या बाजूने सुटली. बाहेरून म्हणजे अंतर जास्त, तरी सगळ्यांना मागे टाकून गेली. २०२२ ला बीजिंगमध्ये परत तेच सुवर्ण. लॉटरी एकाच माणसाला लागोपाठ दोनदा लागली तर आपण चौकशी लावतो!

रिलेबद्दल मात्र मी थांबणार नाही, माफ करा. महिलांची रिले ३००० मीटरची, सत्तावीस फेऱ्या, संघात चौघी. हातात बॅटन वगैरे काही नाही. पुढची मुलगी आतल्या बाजूने वेग घेत येते, बरोबर वेळेला ट्रॅकवर शिरून खाली बसते आणि मागची तिला कमरेखाली दोन्ही हातांनी ढकलून देते. खो-खो खेळलेल्या बायकांना हे सांगावं लागणार नाही, पाठीमागून खो मिळाला की कसं उसळायचं ते. फरक इतकाच की इथे खो देणारीचा सगळा वेग घेणारीच्या अंगात उतरला पाहिजे. शेवटच्या दोन फेऱ्या मात्र एकीनेच काढायच्या.

२०१८ च्या ऑलिम्पिकच्या रिले सेमीफायनलमध्ये कोरियाची एक मुलगी सुरुवातीच्याच फेऱ्यांत पडली. संपला खेळ असं कुणालाही वाटेल. बाकीच्या तिघींनी सावरून घेतलं, एकेक करून सगळ्यांना गाठलं, ती सेमीफायनल जिंकली आणि वर ऑलिम्पिक विक्रम केला, ४ मिनिटं ०६.३८७ सेकंद. पडून! पुढे फायनलमध्ये सुवर्ण जिंकताना त्यांनाच यापेक्षा जास्त वेळ लागला.

त्याच स्पर्धेत नेदरलँड्सच्या मुली मुख्य फायनलला पोचल्याच नाहीत. त्या बी फायनल खेळल्या, जिच्यात पदक नसतं, नुसती क्रमवारी. तिथे कुणी जीव काढून पळत नाही. या पळाल्या, आणि ४ मिनिटं ०३.४७१ सेकंदांचा विश्वविक्रम केला. नंतर मुख्य फायनलमध्ये चीन आणि कॅनडा दोघेही बाद झाले आणि कांस्य आलं नेदरलँड्सकडे. त्या संघातली योरिन टेर मोर्स त्याच ऑलिम्पिकमध्ये लाँग ट्रॅकचं, म्हणजे मोठ्या ट्रॅकवरच्या स्केटिंगचं, १००० मीटर सुवर्णही जिंकलेली, म्हणजे एकाच हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दोन खेळांत पदक घेणारी पहिली महिला. आता म्हणा, नशीब. बिनपदकाच्या रेसमध्ये विश्वविक्रम करायला त्यांना कोणी सांगितलं होतं?

राहिला प्रश्न बाद करण्याचा. रेफरी व्हिडिओ बघून निर्णय देतात आणि दुसरी आलेली मुलगी क्षणात शून्यावर येते. २०१८ च्या ५०० मीटरला चोइचंच तसं झालं. चौथी आलेली कॅनडाची किम बुटँ एक जागा वर सरकली आणि तिला कांस्य मिळालं, तर लोकांनी तिच्या सोशल मीडियावर शिव्या आणि धमक्यांचा पाऊस पाडला. तिचा काय गुन्हा? निर्णय रेफरीचा, रेस चोइची. आणि चोइने काय केलं? चार दिवसांनी ते १५०० चं सुवर्ण जिंकली.

हे वाचून 'परदेशी लोक असेच' म्हणू नका. आपल्या नाशिकमध्ये रविवारी सकाळी कुठल्याही रोलर स्केटिंग रिंकच्या दोरीपाशी उभं राहून बघा. नऊ वर्षांची पोरगी वळणावर दुसरीला कोपर लावते, पंच शिट्टी मारतात, आणि थर्मास हातात घेतलेले वडील दोरी ओलांडून पंचांच्या अंगावर! मागे एका स्पर्धेत एक आई तर दुसऱ्या मुलीच्या आईलाच बोलायला गेली. मुलगी बिचारी हेल्मेटचा पट्टा चावत उभी. आणि ओरडणं एकच, 'पुढे जा, पुढे जा!' पहिल्या फेरीपासून. चौथ्या फेरीत पोरगी धापा टाकत असते आणि मागून आलेली शांतपणे निघून जाते. मग हेच लोक म्हणणार, नशीब.

आपल्या मुली चाकांवर शिकतात, आणि ते वाया जात नाही. बर्फावर जाणारी आपली बरीच मुलं चाकांवरूनच आलेली आहेत. २०२३ मध्ये हांगझोऊ एशियाडला महिलांच्या ३००० मीटर रोलर रिलेत भारताला कांस्य मिळालं: कार्तिका जगदीश्वरन, हीरल साधू, आरती कस्तुरीराज, संजना बथुला. बर्फासाठी डेहराडूनचा रिंक आहे, कित्येक वर्षं बंद राहून उघडलाय, २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्पर्धाही झाली. आपल्याकडे बर्फ म्हणाल तर रसवंतीतला, नाहीतर निफाडला पारा घसरल्यावर पानांवर गोठलेलं दव. पण मागे राहून रेस वाचायला आणि धक्का देऊन मैत्रिणीला पुढे पाठवायला बर्फ लागत नाही.

आमच्या सरांना मी म्हटलंय, मुलींना नुसत्या फेऱ्या मारायला लावण्यापेक्षा आठवड्यातून एकदा रिलेचा धक्का शिकवा. ते म्हणाले, सहामाही होऊ दे. ज्यांना मुलीला घालायचंय त्यांनी खाली कळवा, चौघींचा एक संघ होईल इतक्या तरी हव्यात. दोरीच्या आत येणाऱ्या पालकांनी कृपया कळवू नये.