मॅच चालू, ग्राफ झोपलेला

आमच्या कॉलेजात मी नेटवर्क अ‍ॅडमिन आहे. म्हणजे अपॉइंटमेंट लेटरवर तसं लिहिलंय, बाकी प्रोजेक्टर लागत नाही, ऑफिसच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला, गॅदरिंगचा माईक कुईं करतोय, सगळीकडे मलाच हाक. त्यात मागच्या वर्षी मला अवदसा आठवली आणि मी प्रिन्सिपल सरांच्या केबिनमध्ये भिंतीवर एक टीव्ही लावून त्यावर इंटरनेटच्या वापराचा ग्राफ सुरू करून दिला. हिरवा रंग, निळी रेघ, दर पाच मिनिटांनी पुढे सरकणारा. सर एवढे खूश झाले की पाहुणा आला की चहाच्या आधी ग्राफ दाखवायचे.

ग्राफची स्क्रिप्ट, म्हणजे त्याला आकडे पुरवणारा छोटा प्रोग्रॅम, माझी नाही. माझ्या आधीचा अ‍ॅडमिन बंगलोरला गेला आणि जाताना ती मागे ठेवून गेला, भाडेकरू जुना माठ ठेवून जातो तशी. दर पाच मिनिटांनी ती स्विचला, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या वायरी जिथे जोडल्यात त्या डब्याला, एसएनएमपीवरून (अशा डब्यांची हालहवाल विचारायची भाषा) विचारते की बाबा आतापर्यंत किती बाइट गेले, मागच्या आकड्यातून वजाबाकी करते, ३०० सेकंदांनी भागते आणि ग्राफ काढणाऱ्या आरआरडीटूलकडे देते. चालतंय ना, मग कशाला हात लावा, हे आमच्या खात्याचं धोरण.

तर मॅचची रात्र. आमची इंटरनेटची लाईन ५०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ५०० मेगाबिट, होस्टेलात पोरं एवढी की मेसला दोन पंगती लागतात आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. साडेआठपासून माझा फोन वाजायला लागला, सर नेट गोल गोल फिरतंय, सर ओव्हर संपली तरी बॉल दिसत नाही, सर शेजारच्या बिल्डिंगमध्ये विकेट पडल्याचा आवाज आधी येतो. मी घरून ग्राफ उघडला. २२ एमबीपीएस! पाचशेच्या लाईनवर बावीस. मी म्हटलं पोरांनो, लाईन रिकामी पडलीय, तुमचे मोबाईलच भंगार आहेत, झोपा.

सकाळी सरांनी बोलावलं. टीव्हीसमोर उभे, हात मागे बांधलेले, चेहऱ्यावर समाधान. "पाहिलंत? फायनल मॅच, आणि होस्टेलचा वापर बावीस! याला म्हणतात संस्कार." मी मान हलवली. मॅच फायनल नव्हती, पण तो मुद्दा काढायची ती वेळ नव्हती.

इथपर्यंत ठीक होतं. पण सरांनी महिन्याचा ग्राफ मागे मागे नेऊन बघितला आणि त्यांच्यातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक जागा झाला. "आपला वापर एकशे चौदाच्या वर कधीच जात नाही. एकदासुद्धा नाही! मग पाचशेची लाईन कशाला? सोमवारी संस्थेच्या मीटिंगमध्ये विषय घेतो, शंभरची घेऊ." घाम फुटला मला. शंभरच्या लाईनवर होस्टेल चालवायचं म्हणजे एका वडापावात वऱ्हाड जेवू घालायचं.

लाईनवाल्या कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, काल रात्री तुमची लाईन फुल होती, चारशे ऐंशी." मी म्हटलं माझा ग्राफ बावीस दाखवतो. तो हसला नाही, पण न हसायला त्याला कष्ट पडले ते ऐकू आलं. सर म्हणाले, तो तसंच म्हणणार, त्याला लाईन विकायचीय. खरं म्हणजे मलापण तसंच वाटलं. संध्याकाळी मी थेट स्विचमध्ये लॉगिन करून होस्टेलच्या पोर्टची, म्हणजे होस्टेलची वायर जिथे लागते त्या खाचेची, स्थिती बघितली, तर स्विच स्वतःच सांगतोय, गेल्या पाच मिनिटांचा सरासरी आउटपुट रेट ३१ कोटी बिट प्रति सेकंद, म्हणजे ३१० एमबीपीएस. त्याच वेळी ग्राफवर ८१. आणि मी येडा, मला आधी स्विचचाच संशय आला. कारण स्विचचं उत्तर काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात होतं आणि ग्राफ रंगीत होता.

मग सुरू झाला तपास. पहिला संशयित बिट आणि बाइट. स्विचचा काउंटर बाइट मोजतो, लाईन बिटमध्ये विकतात, आठाने गुणायचं राहिलं की पाचशेचे साठ होतात. स्क्रिप्ट उघडली, गुणलेलं होतं. दुसरा संशयित इन आणि आउट. स्विच इन म्हणतो ते त्याच्या आत येणाऱ्याला, म्हणून होस्टेलच्या पोर्टवर पोरांचं डाउनलोड हे स्विचच्या दृष्टीने आउट, पाहुणा आपल्याकडे आला तरी त्याच्या घरच्यांसाठी तो गेलेलाच असतो तसं. तेही बरोबर होतं.

तिसरा संशयित जुना गुन्हेगार. पावसाळ्यात एकदा लाईट गेली, स्विच रिस्टार्ट झाला आणि उठल्यावर त्याने पोर्टांना नवे रोल नंबर दिले. स्क्रिप्टला नाव माहीत नाही, तिला फक्त रोल नंबर पाठ. झालं, लायब्ररीच्या ग्राफमध्ये होस्टेल आणि होस्टेलच्या ग्राफमध्ये लायब्ररी. महिनाभर कोणाला पत्ता नाही आणि मग रजिस्ट्रारनी लायब्ररीयन मॅडमना लेखी खुलासा विचारला की रात्री दोन वाजता लायब्ररीत नव्वद एमबीपीएस कोण वापरतं. मॅडमनी दोन ओळीत उत्तर दिलं, दिवसा कोणी येत नाही, रात्री दोनला कोण येणार. तेव्हापासून त्या मला पुस्तक देताना कार्ड दोनदा तपासतात. त्याच वेळी मी स्क्रिप्टला पोर्ट नावाने ओळखायला शिकवलं होतं, त्यामुळे यावेळी तोही सुटला.

शनिवारी रात्री लॅबमध्ये एकटा बसलो. म्हटलं आता बाजारातल्या म्हाताऱ्यासारखं करू, तराजूवर संशय आला की आपल्या घरचं माप टाकून बघायचं. एका मोकळ्या गिगाबिट पोर्टला लॅपटॉप लावला, स्क्रिप्ट चालून गेल्या गेल्या सर्व्हरवरून बरोबर १० जीबीची फाईल ओढली. हेडरबिडरचा वरखर्च धरून साडेदहा. पाच मिनिटांच्या आत काम झालं. आता ग्राफवर सरासरी २८० एमबीपीएस यायला हवी. आली किती? ५०. उलटा हिशेब केला तर १.९ जीबी. म्हणजे साडेदहा जीबी आत गेले आणि पावती एक पॉइंट नऊची. साडेआठ जीबीचा अपहार!

कॅल्क्युलेटरवर ८.६ लिहून बराच वेळ बघत बसलो. सहज दोनने भागलं. ४.३. आणि मला बाबांची स्कूटर आठवली.

बाबांच्या स्कूटरचा किलोमीटरचा मीटर पाच आकडी होता. ९९९९९ झाले की पुन्हा सगळी शून्यं. बाबांनी ती एक फेरा पूर्ण करून वर थोडी चालल्यावर "फक्त बारा हजार चाललीय" म्हणून विकली. खोटं बोलले असं नाही म्हणता येणार, मीटर तेच म्हणत होता.

स्विचचा जुना काउंटर ३२ बिटी असतो. तो ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ पर्यंत मोजतो आणि पुढच्या बाइटला शून्यावर येतो, म्हणजे साधारण ४.३ जीबी. गिगाबिट पोर्ट फुल चालला तर हा फेरा होतो साडेचौतीस सेकंदांत आणि आमची स्क्रिप्ट डोकावते पाच मिनिटांनी! वॉचमन तासाला एकदा उठतो, आणि चोर मधल्या वेळात आठ खेपा करून कपाट नेतो, तसा प्रकार. आकडा मागच्यापेक्षा लहान आला तर स्क्रिप्टला वजाबाकीतून कळतं की मीटर शून्यावरून गेला, पण मधल्या वेळात अख्खा फेरा झाला तर तो कुठे गेला ते देवालाही कळत नाही. आणि ४.३ जीबीला ३०० सेकंदांनी भागून बिट केले की येतात ११४.५ एमबीपीएस. सरांचा लाडका एकशे चौदा! पोरांचा वापर कुठला, ती आमच्या मीटरची उंची होती. वापर ११५ झाला की ग्राफ जवळजवळ शून्य, ४८० झाला की चार फेरे गिळून बावीस. पोरं जेवढी जास्त बघणार, तेवढे संस्कार जास्त.

उपाय दोन ओळींचा निघाला, याचा जास्त राग आला. ६४ बिटी काउंटर स्विचमध्ये पहिल्यापासून होता, आरएफसी २८६३ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात २००० सालीच लिहून ठेवलंय की २० एमबीपीएसच्या पुढच्या पोर्टला तोच वापरा. पण एसएनएमपीच्या व्हर्जन एकला ६४ बिटी आकडा उचलताच येत नाही आणि आमच्या माठात व्हर्जन एक होतं. ते व्हर्जन टू-सी केलं, काउंटरचं नाव बदलून एचसीवालं, म्हणजे हाय कपॅसिटीवालं, टाकलं. हा काउंटर गिगाबिटने फुल चालवला तरी साडेचार हजार वर्षांत भरत नाही. तोपर्यंत माझी पीएफची रक्कमसुद्धा मिळून जाईल.

सोमवारी मीटिंगच्या आधी सरांना सगळं सांगितलं. रविवारच्या मॅचचा नवा ग्राफ दाखवला, चारशे नव्वदवर सपाट, इस्त्री केल्यासारखा. लाईन कमी करायचा विषय बारगळला. सर बराच वेळ टीव्हीकडे बघत होते. म्हणाले, "मग ते बावीस..." मी म्हटलं, "सर, ते चारशे ऐंशी होते." त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

गुरुवारी मेंटेनन्सची लाईट गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायचा अर्ज ऑफिसात पाच महिने मुरतोय, त्यामुळे स्विच बंद पडून पुन्हा उठला आणि काउंटर शून्यापासून सुरू झाला. पूर्वी हे खपून जायचं, कारण स्क्रिप्टला वाटायचं की एक फेरा झाला आणि कितीही चुकलं तरी ११४ च्या आतच चुकायचं. आता तिला वाटलं ६४ बिटी फेरा झाला. याच्या पुढचा आकडा खरा मानू नकोस, अशी कमाल मर्यादा टाकायची राहून गेली होती, ती चूक पूर्ण माझी.

केबिनमधून बोलावणं आलं. टीव्हीवर बाकी सगळा ग्राफ जमिनीला चिकटलेला आणि मधोमध एकच सुई छताला टेकलेली, खाली लिहिलंय कमाल वापर ४९२ पेटाबिट प्रति सेकंद. एक पेटाबिट म्हणजे शंभर कोटी मेगाबिट. सर उभे, हात मागे बांधलेले. समोर संस्थेचे सेक्रेटरी, चहा घेत.

"हा," सर सुईकडे बोट दाखवत म्हणाले, "कुठल्या रूमचा?"