काका, ही मोटर नाही

आमच्या सोसायटीत इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायला बंदी नाही. फक्त ते संगीत आहे हे कोणी मान्य करत नाही. सिंथेसायझरचा लांबलचक खर्ज लागला की खालून हाक येते, "अहो, टाकी वाहतेय, मोटर बंद करा!" बारीक टिकटिक सुरू झाली की आई इन्व्हर्टरपाशी जाऊन उभी राहते. बायको फ्रीजचं दार नीट लागलंय का ते बघून येते. सदाशिव पेठेत राहून क्राफ्टवर्क ऐकणं म्हणजे घरातल्या प्रत्येक यंत्राच्या वतीने जामीन राहणं.

जर्मनीतल्या डसेलडॉर्फच्या या बँडशी आमच्या बाबांचं भांडण जुनं आहे. राल्फ ह्यूटर आणि फ्लोरियन श्नायडर यांनी १९७० मध्ये तो काढला, तेव्हा श्नायडर चक्क बासरी वाजवायचा. ते सुरुवातीचं काही बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "हात चांगला आहे." मग मी उत्साहात १९७४चा 'ऑटोबान' लावला. मोटारीचं दार लागतं, गाडी सुरू होते आणि रेकॉर्डची एक अख्खी बाजू, बावीस मिनिटांहून जास्त वेळ, ती हमरस्त्यावरून चालत राहते. कोणी आडवं येत नाही, कोणी कोणाचा बाप काढत नाही. बाबांना ते गाणं काल्पनिक वाटलं. "चांगला बासरी वाजवणारा मुलगा," ते म्हणाले, "यंत्रांच्या नादी लागून वाया गेला." हे बोलताना त्यांच्या शेजारी त्यांचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू होता. पण घरात शांतता हवी असेल तर काही गोष्टी पाहून सोडून द्याव्या लागतात.

पुढे हा मुलगा आणखीच वाया गेला. अल्बमचे विषयच बघा: १९७७ मध्ये आगगाडी, १९७८ मध्ये यंत्रमानव, १९८१ मध्ये संगणक आणि खिशातला कॅल्क्युलेटर. १९८६ नंतर तर नव्या गाण्यांचा अल्बमच नाही. आला तो थेट २००३ मध्ये, 'टूर द फ्रान्स साउंडट्रॅक्स'. फ्रान्सच्या त्या सायकल शर्यतीला तेव्हा शंभर वर्षं होत होती आणि ह्यूटरला सायकलचं जबरदस्त वेड.

माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा बदल या अल्बममध्ये आहे. आधीच्या ठोक्यांना लोखंडाची धार होती. इथे ती झिजून गुळगुळीत झालीय. शर्यतीच्या टप्प्यांची नावं दिलेली सुरुवातीची तीन गाणी अशी एकातून एक निघतात की गाणं कधी बदललं ते कळत नाही. जुन्या अल्बमांतली चाल दिवसभर डोक्यात घोळते, इथे चाल मागे राहते आणि वेग तेवढा उरतो. काहींना हे सपाट वाटतं. त्यांचंही खोटं नाही. पण खरी गंमत पुढे आहे. मोटार, आगगाडी, यंत्रमानव, संगणक असं सगळं करून झाल्यावर ही मंडळी शेवटी माणसाच्या शरीरात शिरली. श्वास, छातीचे ठोके, सायकलची साखळी. इतकी वर्षं यंत्रांचे आवाज आमच्या घराने कसेबसे सोसले होते. माणसाचा आवाज आला आणि गोंधळ झाला.

रविवारची दुपार, वेळ एक ते चारच्या मधली, म्हणजे पेठेत गुन्हा करायला सगळ्यात वाईट. याच अल्बममधलं 'व्हिटॅमिन' लागलं. त्यात एक माणूस भावनाशून्य आवाजात कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक अशी यादी जर्मनमध्ये वाचतो. आतून आई म्हणाली, "कोणाचे रिपोर्ट आले रे?" मी म्हटलं, "कोणाचे नाहीत." तिला ते पटलं नाही. आपल्याकडे रिपोर्ट लपवणारे असंच म्हणतात.

थोड्या वेळाने 'इलेक्ट्रो कार्डिओग्राम' सुरू झालं. धडधड, धडधड, वर दमलेला श्वास. स्पीकर नवे होते, भिंती जुन्या. बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचे काका, बनियनवर, हातात छातीच्या दुखण्यावरच्या सॉर्बिट्रेटची पट्टी. "बाबांना केव्हापासून होतंय?"

बाबा आरामखुर्चीत झोपले होते. जागे होऊन त्यांनी काकांकडे पाहिलं, गोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून विचारलं, "मला काय झालंय?"

"काही नाही, बाबा. गाणं आहे."

"हे?"

"सायकलच्या शर्यतीचं."

काकांनी गोळी खिशात टाकली आणि न विचारता खुर्ची ओढली. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाचे ते. मुंबई-पुणे शर्यतीत आपण होतो असं ते सांगतात. काकूंच्या म्हणण्यानुसार बोर घाटात लिंबूपाणी द्यायला होते. काही असो, 'घाटाचा राजा' हा किताब कोणाला मिळावा याचं मत त्यांच्यापाशी कायम तयार असतं. "पुन्हा लाव," ते म्हणाले.

मी पुन्हा लावलं. काका डोळे मिटून ऐकत होते. बाबांनी सवयीने मांडीवर ताल धरला आणि लक्षात येताच हात उचलला.

"चूक आहे," काका शेवटी म्हणाले. "हा सपाटीवरचा श्वास आहे. घाटात माणूस असा एकसारखा दमत नाही. याला खंडाळ्याच्या चढावर आणा, मग रेकॉर्ड करा."

"तालात आहे पण," बाबा म्हणाले. क्राफ्टवर्कची बाजू त्यांनी घेतलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

"तालात दमतो तो दमलेला नसतो."

यावर बाबांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. विषय बदलावा म्हणून मी सांगितलं, की शंभरीच्या निमित्ताने केलेला हा अल्बम शर्यतीपर्यंत तयारच झाला नाही. शर्यत जुलैअखेर संपली, अल्बम आला ऑगस्टमध्ये.

काका पहिल्यांदाच सहानुभूतीने हसले.

"घाटात अडकले असतील," ते म्हणाले.