एवढ्याशा टिंबानं काय होते?

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी 'केमिस्ट्रीपुरतं गणित' असा हाताने लिहिलेला कागद झेरॉक्सला दिला होता. दुकानदाराने कागद वाचवायच्या भरात दोन पानं बारीक करून एकावर बसवली. त्यात टोनर संपत आलेला. गठ्ठा हातात पडला तेव्हा दशांशचिन्हं गायब, आणि उणेची चिन्हंही निम्मी पसार. बोललो तर म्हणतो, "एवढ्याशा टिंबानं काय होते भाऊ? पोट्टे घेतात समजून."

घेतात समजून! पहिलंच उदाहरण होतं, ०.१ मोलर कॉस्टिक सोड्याचं २५० मिली द्रावण. मोलर म्हणजे लिटरला किती मोल, आणि मोल म्हणजे डझनासारखं कण मोजायचं माप. ०.२५० लिटर, लिटरला ०.१ मोल, मोलला ४० ग्रॅम, म्हणजे १.०० ग्रॅम. झेरॉक्सवर झालं '०१ मोलर'. आता पोरगं इमानेइतबारे दहा ग्रॅम मोजणार, बीकर गरम लागला की दचकणार, आणि तसंच ब्युरेट, म्हणजे थेंबथेंब सोडायची खुणांची नळी, भरणार. फ्लास्कमध्ये ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड १० मिली. ॲसिड संपल्याची खूण म्हणून जो गुलाबी रंग १० मिलीला यायचा तो १ मिलीलाच येऊन बसणार. ब्युरेट वाचताना ०.०५ मिली इकडेतिकडे होतंच. दहा मिलीत ती चूक अर्धा टक्का, एका मिलीत पाच टक्के. आणि दहाच्या उणे तिसऱ्या घातातला उणे उडाला की उत्तर दहा लाख पटीने हुकतं. एवढंसं टिंब, एवढीशी रेघ!

औषधांच्या चिठ्ठ्यांसाठी तर नियमच करून ठेवलाय: टिंबाच्या आधी शून्य लिहायचंच, आणि पूर्ण आकड्यापुढे टिंब-शून्य लावायचं नाही, कारण टिंब पुसलं की १.० चे १० होतात. आमच्याकडे ते शेवटचं शून्य काढायचीही सोय नाही. १.०० ग्रॅम म्हणजे काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत पाहिला. नुसता १ म्हणजे असेल साधारण एक. नागपुरात, झिरो माइलच्या गावात, शून्याची ही कदर.

माझं हे व्याख्यान मागे उभे असलेले एक काका मन लावून ऐकत होते. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात आधार कार्ड. दोन्ही बाजू एकाच पानावर पाहिजे होत्या त्यांना. त्यांनी माझ्याच गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला.

"केमिस्ट्रीत मॅथ काऊन टाकून राह्यले सर तुम्ही? आमच्या पुतणीनं मॅथ नको म्हणूनच तर बायो घेतलं."

मी म्हटलं, काका, फार काही नाही. घात, प्रमाण, लॉग आणि एककं. बस.

"मंग त्याले एवढा कागद कायले? आमच्या टायमाले एकच होतं. त्रैराशिक! सारं त्यात बसते. टाका सवाल."

दुकानदाराने मशीन थांबवलं. मला वाद नको होता, पण सवाल टाकला. १२ मोलर ॲसिड, म्हणजे बाटलीतलं तीव्र हायड्रोक्लोरिक जवळपास तेवढंच असतं. ते ५ मिली घेतलं आणि पाणी मिळवून ६०० मिली केलं. आता किती मोलर?

काकांनी आधारच्या पाकिटावर बोटाने मांडलं. "पाचले बारा, तर सहाशेले किती? चौदाशे चाळीस!"

पाणी ओतल्याने ॲसिड एकशेवीस पट कडक. लिटरच्या बाटलीत साडेबावन्न किलो माल. मी म्हटलं, हे व्यस्त त्रैराशिक, ०.१ मोलर. त्यावर काका शांतपणे म्हणाले, "उलटं करायचं आहे हे तुम्ही आधी सांगाले पाह्यजे होतं."

आणि खरी गोम तिथेच आहे. सुलटं की उलटं हे कुणी आधी सांगत नसतं, ते एककंच सांगतात. २५० मिलीचे लिटर करायचे तर '१ लिटर वर, १००० मिली खाली' असा अपूर्णांक मांडायचा; मिली-मिली कटतात, ०.२५० लिटर उरतं. पोरं उलटा मांडतात, म्हणून अडीच लाख येतात. पण एककं लिहिली असती तर उत्तरापुढे 'मिली-वर्ग भागिले लिटर' असलं भूत उभं राहिलं असतं, आणि ते पाहून कुणीही थांबलं असतं. एककं लिहायला मात्र जीव जातो. "सर, शेवटी लावतो ना!" शेवटी लावायला ती काय टिकली आहे?

काका अजून हरले नव्हते. "तापमानाले तर चालते ना? फेब्रुवारीत बावीस, मे महिन्यात चव्वेचाळीस. गर्मी डबल."

नागपुरात राहून हे वाक्य खोटं ठरवायला धैर्य लागतं. पण सेल्सिअसचं शून्य माणसाने सोयीसाठी बर्फाच्या वितळण्यावर रोवलेलं. खरं शून्य त्याच्याही खाली २७३.१५ अंशांवर. म्हणजे २९५ केल्विनवरून ३१७. जेमतेम साडेसात टक्के वाढ. दाब तेवढाच ठेवला तर वायूही तेवढाच फुगतो, दुप्पट नाही. काकांनी माझ्या घामाने भिजलेल्या कॉलरकडे पाहिलं आणि "साडेसात टक्के" एवढंच म्हणाले.

मग त्यांनी मोबाइल आडवा धरला. कागदावर पुढचं उदाहरण होतं: पाण्याचे ३.०१ गुणिले दहाचा २३ वा घात इतके रेणू, मोल किती? काकांनी सगळं ओळीने दाबलं, भागिले एका मोलमधले रेणू, म्हणजे ६.०२२ गुणिले दहाचा २३ वा घात, आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. पाच गुणिले दहाचा ४५ वा घात. "आता बोला. मशीन चुकते का?"

मशीन चुकत नाही. कंस दिला नाही, म्हणून त्याने ६.०२२ ने भागलं आणि दहाच्या घाताने पुन्हा गुणलं. आकडा आणि त्याचा दहाचा घात एकत्र धरणारं एक्स्पचं बटण नेमकं यासाठीच असतं. त्याहून सोपं म्हणजे आधी नजरेनेच पाहावं: तीन भागिले सहा, घात सारखे, अर्धा मोल. नऊ ग्रॅम पाणी, दोन चमचे. काकांचं पाणी मात्र पंचेचाळीस लाख कोटी सूर्यांच्या वजनाचं होतं.

हसू येतं, पण वर्गात हेच उत्तर वहीत चौकट करून येतं तेव्हा येत नाही. अकरावीत मॅथ सोडता येतं, ते एक असो. घात आणि प्रमाण तर शाळेतलंच आहे. पण पुढची दोन वर्षं चार पर्यायांतून एक निवडायची सवय लावली जाते. उत्तर दहापट चुकलं तर पर्यायात सापडत नाही, मग पोरगं गपचूप दुसरं करतं. प्रयोगशाळेच्या काट्यावर चार पर्याय येत नाहीत. आणि याची उजळणी घ्यायला वेळापत्रकात तास नाही, म्हणून ती झेरॉक्सवर.

काकांनी तेवढ्यात पुतणीला फोन लावून माझ्या हातात दिला होता. "विचारते ती तुमाले काही तरी."

"सर, हे मॅथवालं किती मार्कांला आहे?"

म्हटलं, बाळा, प्रत्येक गणितात आहे.

"म्हणजे वेगळा प्रश्न नाही ना? मग ऑप्शनला टाकते."

काकांनी फोन परत घेतला. "हुशार आहे पोट्टी."